साखरेचा हिशेब, दाबाची उधारी

चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथचे संजीवनी बेट वनौषधींसाठी प्रसिद्ध आहे. उत्तरा नक्षत्र लागले की या टेकडीवर दूरदूरच्या माणसांची रीघ लागते. वर्षातून एकदा बेटावर जावे, जाणत्याने दाखविलेला पाला श्रद्धेने चावावा आणि पुढच्या उत्तरा नक्षत्रापर्यंत निर्धास्त राहावे, अशी अनेकांची भावना असते. या भावनेची टवाळी करण्याचे कारण नाही. झाडपाल्यात औषध असते हे आधुनिक वैद्यकाने केव्हाच मान्य केले आहे. रक्तदाबाच्या बाबतीत तर त्याला हा धडा मुंबईने शिकविला. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे ५० रुग्णांच्या आधारे १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले आणि जगभरच्या डॉक्टरांचे लक्ष या भारतीय वनस्पतीकडे वळले. १९५७ साली त्यांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले. मन खिन्न करण्याच्या दोषामुळे सर्पगंधेचे औषध पुढे मागे पडले आणि अधिक निर्धोक औषधे आली, ही गोष्ट वेगळी. येथे सांगायचे आहे ते इतकेच की, वकिलांची ती मुळीदेखील वर्षातून एकदा चावायची नव्हती. ती रोज घ्यावयाची होती.

औषध एकदा घ्यावे आणि मोकळे व्हावे, ही आपल्या समाजाची जुनी खोड आहे. तापाला, हगवणीला, गळवाला ती खपून जाते. मधुमेहाबरोबर ज्यांना रक्तदाबाचाही विकार जडला आहे, त्यांच्या बाबतीत मात्र ती घातक ठरते, आणि ही माणसे आता थोडीथोडकी राहिलेली नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिकांचा रक्तदाब वाढलेला आहे. हे दोन विकार परस्परांच्या सोबतीने राहतात. एक घरात शिरला की दुसऱ्याला दार उघडून देतो. मधुमेह हा गादीवर बसणाऱ्या शेठजींचा रोग, ही समजूत उराशी बाळगून बसलेल्यांनी लातूर-नांदेड रस्त्यावरील कोणत्याही गावात औषधांच्या दुकानापुढे एक सकाळ उभे राहावे. रांगेत पटके आणि नऊवारी लुगडी दिसतील.

या रांगेतल्या माणसाला त्याची साखर विचारली, तर तो उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची असे दोन्ही आकडे तोंडपाठ सांगेल. हॉटेलात बसला तर बिनसाखरेचा चहा मागेल, लग्नाच्या पंगतीत बुंदीला हात आडवा करील. ‘शुगर’ हा शब्द आता ज्वारी आणि सोयाबीनइतकाच या मातीतला झाला आहे. त्यालाच रक्तदाबाचा आकडा विचारा. ‘बीपीचा काही त्रास नाही,’ हे उत्तर मिळेल. त्रास नाही म्हणजे डोके दुखत नाही, चक्कर येत नाही. वाढलेला रक्तदाब वर्षानुवर्षे कोणताही त्रास देत नाही, हाच त्याचा खरा धोका आहे, हे त्याला कोणी बसवून सांगितलेले नसते. बुंदी नाकारणारा हाच माणूस त्याच पंगतीत लोणच्याची दुसरी फोड आणि वर आणखी एक पापड मागून घेतो. साखरेचा हिशेब चोख आणि दाबाची मात्र उधारी चालू, अशी ही अवस्था आहे.

ही उधारी किती महाग पडते, याची मोजदाद फार पूर्वी झाली आहे. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या विशाल मधुमेह-अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली जाहीर झाले. या अभ्यासातील ११४८ रुग्णांना मधुमेह व रक्तदाब असे दोन्ही विकार होते. त्यांच्यापैकी एका गटाचा दाब औषधांनी कसोशीने आटोक्यात ठेवला, दुसऱ्याचा काहीशा सैलपणे. पहिल्या गटाचा सरासरी दाब १४४/८२ राहिला आणि दुसऱ्याचा १५४/८७. म्हणजे वरच्या आकड्यात फरक अवघा दहाचा. पण सुमारे साडेआठ वर्षांनी पाहिले, तेव्हा कसोशीच्या गटात मधुमेहाशी निगडित मृत्यू ३२ टक्क्यांनी आणि पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी भरले. दृष्टी अधू होण्याचे प्रमाणही बरेच घटले होते. त्याच अभ्यासात ज्यांची साखर कसोशीने उतरविली होती, त्यांच्या डोळ्यांचे व मूत्रपिंडांचे नुकसान कमी झाले हे खरे; तथापि मृत्यूंत पडलेला फरक मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकण्याइतका नव्हता. साखर सांभाळणे व्यर्थ आहे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. पण ज्या मधुमेह्याने साखर सांभाळली आणि दाब सोडून दिला, त्याने घराच्या पुढच्या दाराला कुलूप घातले आणि मागचे सताड उघडे ठेवले, एवढे म्हणायला हरकत नाही.

या कथेचा दुसरा भाग दहा वर्षांनी, २००८ साली, प्रसिद्ध झाला आणि तो अधिक उद्बोधक आहे. मूळ प्रयोग संपल्यावर रुग्ण आपापल्या डॉक्टरांकडे परतले. दोन वर्षांच्या आत दोन्ही गटांचे रक्तदाब एकसारखे झाले. साखरेच्या गटांतील फरकही असाच पुसला गेला. परंतु ज्यांनी आरंभीची वर्षे साखर सांभाळली होती, त्यांना त्याचा लाभ पुढेही मिळत राहिला. रक्तदाबाच्या बाबतीत तसे घडले नाही. दाबातील फरक गेला आणि त्याबरोबर मिळत असलेले संरक्षणही ओसरले. साखर सांभाळणे ही जणू बँकेतली ठेव. तिचे व्याज पुढे काही काळ येत राहते. रक्तदाबाची गोळी ही रोजंदारी आहे. ज्या दिवशी कामावर गेलात त्या दिवसाची मजुरी, खाडा केला त्या दिवशी काही नाही. ‘बीपी नॉर्मल आलं, म्हणून गोळी बंद केली,’ हे वाक्य खेड्यापाड्यांतील प्रत्येक डॉक्टरच्या कानांवर पडते. त्या वाक्यातला घात या एका निष्कर्षात उघड होतो. दाब नॉर्मल आला तो गोळीमुळे. गोळी गेली की तोही जाणार.

मधुमेह्यांच्या बाबतीत काही गोळ्यांचे महत्त्व निव्वळ दाब उतरविण्यापुरते नाही. त्यासाठी मूत्रपिंडाच्या आत थोडे डोकावले पाहिजे. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीत रक्त एका वाहिनीने आत येते आणि दुसरीने बाहेर जाते. मधुमेहात आत येणारी वाहिनी सैलावते, बाहेर जाणारी आवळलेली राहते. तलावात पाणी पूर्ण वेगाने येत राहावे आणि सांडवा मात्र निम्मा बुजलेला असावा, मग बांधावर जो ताण येतो, तोच या गाळणीवर येतो. काही वर्षांत ती झिरपू लागते; रक्तातील प्रथिन लघवीत उतरते. रामिप्रिल, एनालाप्रिल किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन या जातीची औषधे हा सांडवा मोकळा करतात. यांतील पहिल्या जातीचा उगम तर सर्पगंधेहून अद्भुत आहे. ब्राझीलमधील एका विषारी सापाच्या विषात रक्तदाब एकाएकी खाली आणणारे द्रव्य आढळले. ब्राझीलचे शास्त्रज्ञ सर्जिओ फेरेरा यांनी त्याचा अभ्यास केला आणि अमेरिकेत ओंडेटी व कुशमन यांनी त्या धाग्यावरून १९७५ साली कॅप्टोप्रिल हे औषध घडविले. मुंबईच्या डॉक्टरने नावात सर्प असलेली मुळी दिली होती. येथे प्रत्यक्ष सर्पच मदतीला आला.

१९९३ हे साल लातूर जिल्ह्याच्या स्मरणात किल्लारीच्या भूकंपामुळे कोरलेले आहे. त्याच वर्षी अमेरिकेत एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. इन्सुलिनवर अवलंबून असणाऱ्या ज्या मधुमेह्यांची मूत्रपिंडे बिघडू लागली होती, त्यांना कॅप्टोप्रिल दिल्याने मृत्यू, डायलिसिस किंवा मूत्रपिंड-रोपण यांपैकी काही ओढवण्याचा धोका निम्म्यावर आला होता. २००१ साली लोसार्टन व इर्बेसार्टन या औषधांनी प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहातही मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावतो, हे सिद्ध झाले. म्हणूनच ज्या मधुमेह्याच्या लघवीत प्रथिन उतरू लागले आहे, त्याच्या रक्तदाबाला या जातीचे औषध प्रथम योजावे, असा आज जगभरचा दंडक आहे. लघवीत प्रथिन नसेल, तर अ‍ॅम्लोडिपीन किंवा क्लोरथॅलिडोनसारखी गोळीही तितकीच उपयोगी पडते. बहुतेकांना अखेर दोन, कधी तीन गोळ्या लागतात. त्यात डॉक्टरचे अपयश नाही आणि औषध-कंपन्यांचा कट तर नाहीच. ब्रिटनच्या त्याच अभ्यासात कसोशीच्या गटातील २९ टक्के रुग्णांना तीन किंवा अधिक औषधे घ्यावी लागली होती.

मात्र ‘लघवीत प्रथिन आहे की नाही’ हे ठरवायला लघवी तपासावी लागते, आणि घोडे नेमके येथेच पेंड खाते. बोटाला सुई टोचून साखर पाहण्याची सोय आता वाडीवस्तीवर पोहोचली आहे. लघवीतील सूक्ष्म प्रथिनाची तपासणी मधुमेह्याची वर्षातून एकदा व्हावी, हा नियम मात्र पुस्तकात राहिला आहे. ज्या तपासणीवरून कोणती गोळी द्यावी हे ठरावयाचे, तीच होत नाही. मग दुखणे पावलांवर सूज घेऊन येते आणि तोवर गाळण्या बऱ्याच बुजलेल्या असतात.

गावोगाव एक समज असा दृढ झाला आहे की, बीपीच्या गोळ्यांनी किडनी खराब होते. हा समज सर्वस्वी उलटा असला, तरी तो कोठून आला हे समजून घेतले पाहिजे. टेल्मिसार्टनसारखे औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रक्तातील क्रिएटिनिन किंचित वाढू शकते. गाळणीवरचा अवाजवी ताण उतरल्याची ती बहुधा खूण असते. डॉक्टर ती ओळखतात. प्रयोगशाळेच्या कागदावरचा ठळक आकडा पाहून शेजारी मात्र गोळी बंद करण्याचा सल्ला देऊन मोकळा होतो. औषध सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासले आणि हा आकडा वाढेल, घाबरू नका, असे आधीच सांगितले, तर असे किती तरी घोटाळे टळतील. वाढ बेताबाहेर असेल, तर तीही याच तपासणीत उघडकीस येते.

दुर्दैव असे की, ज्या गोळ्यांना मूत्रपिंडाचे वैरी म्हणायचे, त्यांच्याकडे कोणी संशयाने पाहत नाही. गुडघा दुखला, कंबर धरली की मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची पट्टी चिठ्ठीवाचून मिळते. खुरपणीच्या आणि काढणीच्या दिवसांत मजूर ती खाऊ घ्यावा तशी घेतात. मधुमेह, रक्तदाबाची गोळी, त्यात लघवी वाढविणारे औषध, वर ही वेदनाशामके आणि चाळिशीपुढे गेलेला पारा, असा योग जमला की धडधाकट दिसणाऱ्या माणसाची मूत्रपिंडे चार दिवसांत बंद पडू शकतात. एप्रिल २०१६ मध्ये ज्या जिल्ह्याला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे अंगातील पाणी कमी पडणे ही काही पुस्तकी शक्यता नव्हे. जुलाब-वांत्या सुरू झाल्या, पाणी पोटात ठरेना, तर या गोळ्यांपैकी कोणती दोन दिवस थांबवायची हे डॉक्टरला तातडीने विचारावे, ही सूचना गोळी देतानाच दिली गेली पाहिजे. तसेच ज्या स्त्रीला दिवस राहण्याचा संभव आहे, तिला ही सांडवा मोकळा करणारी औषधे देऊ नयेत, कारण ती गर्भाला अपाय करतात. या दोन्ही जातींची औषधे एकत्र तर कोणालाच देऊ नयेत. लाभ वाढत नाही, अपाय वाढतो, हे २००८ सालच्या मोठ्या प्रयोगात दिसून आले आहे.

दाब नेमका किती खाली आणावा, याविषयी तज्ज्ञांचे मत वेळोवेळी बदलत आले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगाने १२० पर्यंत उतरविण्याचा फारसा लाभ दाखविला नाही, पक्षाघात तेवढे कमी झाले. २०२४ साली चीनमधील १२,८२१ मधुमेह्यांवरील प्रयोगात मात्र त्याच पातळीने हृदयविकार व पक्षाघातासारखे आघात २१ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ सालची शिफारस मधुमेह्यांसाठी १३० च्या खाली ठेवावा, अशी आहे. हा वाद विद्वानांनी अवश्य घालावा. चाकूरच्या रुग्णाचा प्रश्न १२० की १३० हा नाही. त्याचा दाब १६० आहे आणि तो कोणी मोजलेला नाही. मोजला तर तोही दवाखान्याचा जिना चढून आल्या-आल्या, बोलता बोलता, सदऱ्याच्या बाहीवरून. पाच मिनिटे स्वस्थ बसवून, हाताला आधार देऊन, उघड्या दंडावर पट्टा बांधून दाब घ्यायला खर्च येत नाही, वेळ लागतो. जुन्या मधुमेह्याचा दाब उभे राहिल्यावर एकदम पडतो, म्हणून वयस्करांचा तो उभा करूनही पाहावा लागतो. सकाळी अंथरुणातून उठताना म्हातारबुवा कोसळतात आणि दोष गोळीच्या माथी जातो, त्यापूर्वी.

मग अडते कोठे? औषध सिद्ध आहे. पेटंटांची मुदत संपल्याने ते स्वस्तही झाले आहे. अडते सातत्यावर आणि सातत्य केवळ रुग्णाच्या शिस्तीने येत नाही. एकीकडे ‘गोळी एकदा लागली की जन्माची लागते’ ही धास्ती आहेच. चष्मा लागला की तोही जन्माचा लागतो. त्याची धास्ती कोणी घेत नाही, कारण चष्मा काढला की लगेच दिसेनासे होते. गोळी सोडल्याचा परिणाम कळायला दहा वर्षे जातात. पण दुसरीकडे, जो ही धास्ती बाजूला सारून रोजगार बुडवून आरोग्य केंद्रावर येतो, त्याच्या हाती आठ-दहा दिवसांच्या गोळ्या ठेवून ‘संपल्या की या’ म्हणणारी व्यवस्था त्याला सातत्याचा उपदेश करण्याचा अधिकार गमावते. पुढच्या खेपेस गोळी बदललेली किंवा संपलेली असेल, तर तो तिसऱ्यांदा का यावा?

यावर तोडगा नाही असे नव्हे. केंद्र सरकार व भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने २०१७ सालाच्या अखेरीस रक्तदाब-नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू केला, त्याची सूत्रे साधी होती: ठरावीक दोन-तीन औषधांचा सोपा क्रम, किमान एका महिन्याच्या गोळ्या एकदम, घराजवळच्या केंद्रावर परिचारिकेने घेतलेला दाब, आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा. २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या पातळीवर या उपक्रमाचा गौरव झाला. महाराष्ट्रात त्याचा आरंभ सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा या जिल्ह्यांत झाला. मराठवाड्याचे नाव त्या यादीत नव्हते. पुढे विस्तार झाला हे मान्य. पण जेथे दुष्काळ, स्थलांतर आणि दारिद्र्य यांनी उपचाराची साखळी सर्वांत आधी तुटते, तेथून आरंभ का झाला नाही, हा प्रश्न मराठवाड्याने विचारला तर तो रडका सूर ठरू नये.

साखळी न सांभाळण्याची किंमत शासनालाही मोजावी लागते. २०१६ सालापासून डायलिसिसचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे आणि तो आवश्यकच आहे. पण आठवड्यातून दोन-तीनदा यंत्राला जोडून घेण्यासाठी ज्याला गाव सोडून लातूर गाठावे लागते, त्याचे डायलिसिस फुकट झाले तरी प्रवास, बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्या मुलाचा दिवस फुकट होत नाही. अशा घरात आधी बैल जातात, मग जमिनीचा तुकडा. त्या घरातल्या माणसाला पंधरा वर्षांपूर्वी लघवीची एक तपासणी आणि रोजची, चहाच्या कपाएवढ्या किमतीची एक गोळी मिळाली असती तर, हा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात मांडला जात नाही.

आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या पाट्या आता गावोगाव लागल्या आहेत. तिशी ओलांडलेल्यांची तपासणी करावी, असे आदेश आहेत आणि आशा सेविका घरोघरी जाऊन कागद भरतात. भरलेल्या कागदांच्या संख्येवर समाधान मानण्याऐवजी प्रत्येक केंद्राला दोनच आकडे विचारावेत: नोंदलेल्या मधुमेह्यांपैकी किती जणांचा दाब गेल्या तीन महिन्यांत मोजला आणि तो आटोक्यात आढळला, आणि किती जणांची लघवी वर्षभरात तपासली. हे आकडे केंद्राच्या दारावरील फळ्यावर खडूने लिहावेत. ग्रामसभेला दुसरे काही वाचता आले नाही तरी चालेल, तेवढे वाचता येईल.

आणि दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ज्या टोळ्या ऊसतोडीला निघतात, त्यांचा विचार त्याहून आधी व्हावा. सहा महिने फडावर कोपीत काढणाऱ्या माणसाला महिन्याच्या महिन्याला चाकूरला या, असे सांगण्यात अर्थ नाही. निघण्यापूर्वी त्यांचा दाब आणि लघवी तपासून तीन महिन्यांच्या गोळ्या हाती द्याव्यात आणि कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रावर पुढच्या तीन महिन्यांच्या गोळ्या व तपासणी मिळेल, अशी चिठ्ठी सोबत द्यावी. ट्रकमध्ये संसार भरताना पातेली, कोयते, ज्वारीचे पोते यांच्याबरोबर ती पिशवीही चढली पाहिजे. यंदाच्या टोळ्या निघण्याच्या आत हे करणे जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्याला अशक्य नाही.